खालच्या दोन बोटांची ओळ

गेल्या पावसाळ्यात बडोद्यातल्या आमच्या रावपुऱ्यातल्या फ्रेमांच्या दुकानात फाइन आर्ट्समध्ये शिकणारी एक मुलगी एक चित्र घेऊन आली. ते मूळ छापचित्र नव्हते, तर मूळ आकारात काढलेली उत्तम प्रतिकृती होती. काळ्या शाईतल्या केसासारख्या रेघांनी खचाखच भरलेली, सुमारे दीड फूट रुंद आणि फूटभर उंच. मी रीतीप्रमाणे हस्तिदंती रंगाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, चारही बाजूंनी सारखा कापला, बारीक काळी पट्टी लावली, काच बसवली. चार दिवसांनी ती न्यायला आली, फ्रेम हातात धरून थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "काका, फ्रेम छान झालीये, पण खालची अक्षरं माउंटखाली गेली." मी म्हणालो, "अगं, जेमतेम दोन बोटं झाकलीत. कडेची अक्षरं बरी दिसत नव्हती." त्यावर ती अगदी नम्रपणे म्हणाली, "अक्षरं गेली तर अर्धं चित्रच गेलं ना काका."

दुकान वडिलांच्या वेळचे आहे. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, लग्नाचे फोटो, निवर्तलेल्यांचे फोटो आणि फाइन आर्ट्सच्या मुलांची कामे अशी तीन प्रकारची गिऱ्हाइके आम्ही दोन पिढ्या सांभाळत आलो; पण चित्र आणि त्याखालची ओळ यांच्या नात्याचा विचार मी कधी केला नव्हता. माउंट मी पुन्हा कापून दिला, पैसे अर्थातच घेतले नाहीत, आणि त्या अक्षरांचा नाद मात्र लागला तो लागलाच. सयाजीरावांच्या कृपेने बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय आहे; दुपारी दुकान थंड असते तेव्हा मुलाला गल्ल्यावर बसवून मी तिकडे जाऊ लागलो. काही पुस्तके त्या मुलीनेच आणून दिली.

त्या चित्राचे नाव 'पॅरिसचा निवाडा'. १५१० ते १५२० या दशकात रोममध्ये मार्कांतोनियो राइमोंदी याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले. कथा ग्रीकांची आहे. एका लग्नाच्या मेजवानीत कलहदेवतेने सर्वांत सुंदर देवीसाठी म्हणून सोन्याचे सफरचंद टाकले (आपल्याकडे ही कळ नारदाने लावली असती), आणि ज्यूनो, मिनर्व्हा आणि व्हीनस या तिघींपैकी ते कोणाला द्यायचे हे ठरवण्याचे संकट गुरे राखणाऱ्या पॅरिस या ट्रॉयच्या राजपुत्रावर येऊन पडले. चित्रात तो व्हीनसला सफरचंद देतो आहे. मिनर्व्हा पाठमोरी उभी राहून वस्त्र डोक्यावरून घेते आहे. वर आकाशात सूर्याचा रथ दौडतो आहे. आणि उजव्या कोपऱ्यात दोन नदीदेव व एक अप्सरा जमिनीवर बसले आहेत. त्या तिघांना निवाड्याशी काही देणेघेणे दिसत नाही. अप्सरेने तर मान वळवून थेट आपल्याकडे पाहिले आहे. माझ्या माउंटखाली गेलेल्या अक्षरांत एक लॅटिन ओळ होती, तिचा अर्थ असा, की रूपापुढे बुद्धी, गुण, राज्ये आणि सोने ही सारी फिकी आहेत. दुसरी ओळ सांगत होती, की हे उर्बिनोच्या राफाएल या चित्रकाराने कल्पिले. आणि तिसरी होती कोरणाऱ्याची जुळवलेली आद्याक्षरे.

राफाएलने हे चित्र भिंतीवर किंवा फळीवर कधी रंगवले नाही. जुन्या रोमन शवपेट्यांवरचे कोरीवकाम पाहून त्याने रेखाटन केले ते छापण्यासाठीच; मार्कांतोनियोने ते कोरले; आणि राफाएलचा मदतनीस बाविएरा छपाई व विक्री पाहू लागला. म्हणजे कल्पना एकाची, हात दुसऱ्याचा आणि धंदा तिसऱ्याचा. पुढे युरोपभर छापाच्या तळाशी याच तीन कामांची तीन लॅटिन क्रियापदे लिहिण्याची पद्धत रूढ झाली: अमक्याने कल्पिले, अमक्याने कोरले, अमक्याने प्रसिद्ध केले. एका चित्रावर तिघांनी हक्क सांगायचा आणि तिघांनीही नाव घालायचे, ही गोष्ट त्या काळी नवी होती. देवादिकांची जुनी कथा तर कोणाच्याच मालकीची नव्हती. पण तिची ही विशिष्ट मांडणी कोणाची, हा प्रश्न छापामुळे पैशाचा झाला.

पैशाच्या आधी हा हातांचा प्रश्न होता. तांब्यावर कोरण्याची कला सोनारांच्या पेढीवरून आली. फ्लॉरेन्सचा अंतोनियो पोल्लायुओलो मूळचा सोनार. त्याने १४७०च्या आसपास दहा नग्न योद्ध्यांच्या लढाईचे मोठे छापचित्र केले आणि झाडाला टांगलेल्या पाटीवर आपले पूर्ण नाव कोरले. माझ्या मते कारागिराने 'हे माझे' असे इतक्या उघडपणे म्हणणे ही त्या चित्रातली नग्नतेपेक्षा धीट गोष्ट आहे.

मांतुआचा दरबारी चित्रकार आंद्रेया मांतेन्या याचे त्याच सुमाराचे 'सागरदेवांचे युद्ध' मला सर्वांत आवडले. दोन पत्रे शेजारी शेजारी छापून ते पूर्ण होते. अर्धे मासे, अर्धे माणूस असलेले देव एकमेकांवर तुटून पडले आहेत, आणि त्यांच्या हातातली हत्यारे नीट पाहिली तर त्यांत माशांच्या जुड्या आहेत! एखाद्या कोळीवाड्यातल्या भांडणासारखा हा देवांचा संग्राम चालू असताना मागे समुद्रदेवाचा पुतळा पाठ फिरवून उभा आहे. डाव्या अंगाला लोंबत्या स्तनांची, हाडे निघालेली एक म्हातारी पाटी धरून ओरडते आहे, आणि पाटीवर लिहिले आहे: मत्सर. हा मत्सर कोणाचा, यावर विद्वानांनी बरेच लिहिले आहे. पण मांतेन्याच्या स्वतःच्या आयुष्यात तो कसा होता ते एका पत्रावरून कळते. १४७५ साली सिमोने आर्दिझोनी नावाच्या कोरणाऱ्याने मांतुआच्या गोन्झागा दरबाराला कळवले, की ज्याची रेखाटने आणि छाप चोरीला गेले अशा एका चित्रकार मित्राला मी ते पुन्हा करून देत होतो, म्हणून मांतेन्याने माझ्यावर हत्यारबंद माणसे घातली आणि मला गाव सोडावे लागले. त्याच वर्षी मांतेन्याने एका सोनाराशी केलेला करारही मिळाला आहे. मांतेन्याची रेखाटने कोरायची आणि दुसऱ्या कोणाला दाखवायची नाहीत, अशी त्यात अट आहे. दरबारी चित्रकाराला भिंतीवरच्या चित्राची चोरी होण्याची भीती नसते. छापाला मात्र पाय असतात.

हे पाय किती लांब होते, ते आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराकडे पाहिले की कळते. १४९४ साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याने मांतेन्याच्या सागरदेवांच्या छापाच्या उजव्या अर्ध्याची शाईने हुबेहूब नक्कल केली. पुढे तो स्वतःच छापांचा मोठा व्यापारी झाला. १४९७मध्ये त्याने गावोगाव फिरून छाप विकण्यासाठी फेरीवाला पगारावर ठेवल्याचा करार आहे. त्याची बायको फ्रांकफुर्टच्या जत्रेत आणि आई न्यूरेंबर्गच्या बाजारात छाप विकत असे. 'समुद्रराक्षस' नावाच्या त्याच्या छापात दाढीवाला, डोक्यावर शिंग असलेला जलचर एका नग्न स्त्रीला पाठीवर टाकून पळवतो आहे आणि किनाऱ्यावर एक माणूस हात वर करून धावतो आहे. ही नेमकी कोणती कथा, हे आजवर कोणी निर्विवाद सांगू शकलेले नाही. ड्यूररने आपल्या रोजनिशीतही त्याचा उल्लेख समुद्रातला अजब प्राणी एवढाच केला आहे. घेणाऱ्याला 'ही काहीतरी प्राचीन गोष्ट आहे' एवढे पुरत असावे.

येथपासून मला जे म्हणायचे आहे ते सुरू होते. प्राचीन देवांचे नाव ही त्या काळच्या बाजारात एक परवानगी होती, आणि ती परवानगी चित्रात नसून चित्राच्या खाली असे.

१५२४ साली राफाएलचा शिष्य जुलियो रोमानो याने स्त्री-पुरुष समागमाच्या सोळा आसनांची रेखाटने केली आणि आपल्या मार्कांतोनियोने ती कोरली. त्यांत देव नव्हते, कथा नव्हती, सफरचंदही नव्हते. पोप सातव्या क्लेमंटने मार्कांतोनियोला तुरुंगात टाकले आणि छाप नष्ट करण्याचा हुकूम दिला. जुलियो तोवर मांतुआच्या दरबारी रुजू झाला होता, त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. दरबारात ज्याचा पाय रोवला आहे त्याच्याऐवजी कारागिराच्या मानेला फास बसतो, हे पोपच्या रोममध्येही तसेच होते. पिएत्रो आरेतिनो या लेखकाने त्या आसनांवर सुनीते लिहून आगीत तेल ओतले ते निराळेच. त्या छापांचे आज मोजके कापलेले तुकडे उरले आहेत, आणि तेही बहुतेक चेहऱ्यांचे व खांद्यांचे. म्हणजे कापणाऱ्याने माझ्यासारखाच माउंट वापरला, फक्त अधिक कडक.

आता पुढची गंमत. १५२७मध्ये त्याच बाविएराने जाकोपो काराल्यो या कोरणाऱ्याकडून 'देवांच्या प्रीती' नावाची मालिका काढली. रेखाटने बहुतेक पेरिनो देल वागाची, काही रोस्सोची. पलंग तोच, मिठ्या त्याच, अंगावर वस्त्रे तितकीच; पण एका कोपऱ्यात ज्युपिटरचा गरुड बसला आहे, दुसरीकडे नेपच्यूनचा त्रिशूळ टेकून ठेवला आहे, मर्क्युरीच्या डोक्यावर पंखांची टोपी आहे. या मालिकेसाठी कोणी तुरुंगात गेल्याची नोंद नाही. उलट ती पुन्हा पुन्हा छापली गेली आणि तिच्या नकला निघाल्या. ओविड या रोमन कवीच्या कथांना नीतिपर अर्थ लावण्याची ख्रिस्ती मध्ययुगातली जुनी सवय येथे उपयोगी पडली असणार. आपल्याकडचे कीर्तनकारही आख्यानातला शृंगार रंगवून रंगवून सांगतात आणि शेवटी जीव-शिवाचे रूपक करून सभ्य श्रोत्यांना निर्धास्त घरी पाठवतात.

मार्कांतोनियोचे पुढे बरे झाले नाही. १५२७च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले, त्याला पकडले, आणि चरित्रकार वासारी सांगतो त्याप्रमाणे खंडणी भरून तो जवळजवळ भिकारी होऊन शहराबाहेर पडला.

त्याच्या आकृत्या मात्र निवांत नांदल्या, आणि त्या कोठे नांदल्या ते वाचून मी थक्क झालो. उर्बिनोत फ्रांचेस्को झांतो आवेल्ली नावाचा चिनी मातीसारख्या चमकदार ताटांवर चित्रे काढणारा कारागीर होता. त्याच्याजवळ छापांचा संग्रह असावा. एका छापातला हात, दुसऱ्यातली मांडी, तिसऱ्यातला पाठमोरा देव असे उचलून तो ताटावर नवे प्रसंग जुळवीत असे, आणि त्या उचललेल्या आकृत्यांत पोपने जाळायला सांगितलेल्या आसनांमधल्याही आकृत्या आहेत. पलंगावरचा पुरुष ताटावर कोणी वीर होतो, स्त्री कोणी नदी किंवा नगरी होते. ताटाच्या मागे झांतो प्रसंगाचे नाव, साल आणि आपली सही लिहीत असे. म्हणजे बंदी असलेले शरीर नवे नाव घेऊन श्रीमंताच्या जेवणघरात मांडून ठेवले गेले, आणि नाव या वेळी तळाशी नव्हे, तर पाठीवर.

ही नावाची जादू किती खोल असते, त्याचा पुरावा साडेतीनशे वर्षांनी फ्रान्समध्ये मिळाला. 'पॅरिसचा निवाडा'च्या उजव्या कोपऱ्यातले ते बसलेले त्रिकूट एदुआर माने या चित्रकाराने जसेच्या तसे उचलले, नदीदेवांना कोट-पाटलोण घातले, अप्सरेला तशीच ठेवली आणि १८६३ साली 'स्नान' या नावाने मांडले; पुढे ते 'हिरवळीवरची न्याहारी' म्हणून ओळखले जाऊ लागले. केवढा गहजब झाला! त्याच वर्षी कॅबनेल या चित्रकाराची लाटांवर लोळणारी नग्न व्हीनस अधिकृत प्रदर्शनात लागली आणि तिसऱ्या नेपोलियनने ती विकत घेतली. मानेच्या बाईचा अपराध नग्नतेचा नव्हताच. तिला देवीचे नाव नव्हते, हा होता.

हे वाचत असताना मला आमच्या जुन्या घरातल्या दोन तसबिरी सारख्या आठवत होत्या. दोन्ही रविवर्म्याच्या, दोन्ही एकाच प्रेसच्या. लक्ष्मी देवघरात होती. तिच्या पातळावर आजीने खरी जर आणि टिकल्या खळीने चिकटवल्या होत्या, जशा त्या काळी पुष्कळ घरांत चिकटवत. झोपाळ्यावरची मोहिनी मात्र बाहेरच्या बैठकीत, जेथे आजोबांचे स्नेही विडा खात बसत. मोहिनीचा पदर वाऱ्यावर असतो, केस मोकळे असतात. आत्या सांगते, की एकदा एका पाहुण्याने "हे काय लावले आहे?" असे विचारले, तेव्हा आजोबा शांतपणे म्हणाले, "विष्णूचा अवतार आहे." विषय संपला. बडोद्याच्या माणसाला तर हे विशेष कळायला हवे, कारण रविवर्म्याने सयाजीराव महाराजांसाठी केलेली पौराणिक चित्रे राजवाड्यात जाण्याआधी मुंबईत आणि येथे लोकांना दाखवली गेली, तेव्हा बघ्यांची रीघ लागली होती. ही चित्रे छापून घरोघर पोहोचवावीत, अशी सूचना आपलेच माजी दिवाण टी. माधवराव यांनी रविवर्म्याला त्याआधीच केली होती. १८९४मध्ये प्रेस निघाला आणि राजाच्या भिंतीवरचे देव दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीत आले.

भिंत आणि कागद यांतले अंतर मला दिआना मांतुआना हिच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसले. जुलियो रोमानोने मांतुआच्या राजाच्या विलासगृहात प्रेमदेव क्युपिड आणि सायकीच्या लग्नाची मेजवानी १५२६ ते १५२८ या काळात भिंतींवर रंगवली. ती पाहायची तर राजाचे पाहुणे व्हावे लागे, जसे बडोद्याच्या तांबेकरवाड्यातली चित्रे पाहायला एके काळी तांबेकर दिवाणांचे आश्रित असावे लागत असेल. जुलियोच्या हाताखाली काम केलेल्या एका कारागिराची मुलगी दिआना. स्त्रियांना नग्न मॉडेल समोर ठेवून शिकण्याची मुभा नव्हती. ती वडिलांच्या घरी कोरणे शिकली. लग्नानंतर ती रोमला गेली आणि ५ जून १५७५ रोजी तिने पोपकडून आपल्या छापांची नक्कल कोणी करू नये असे संरक्षणपत्र मिळवले. त्याच वर्षी तिने ती मेजवानी तीन पत्र्यांवर कोरून प्रसिद्ध केली. तिन्ही जोडले की चित्र साडेतीन फुटांहून लांब होते. तळाशी तिने आपले नाव घातले, आणि नवऱ्याचे किंवा बापाचे आडनाव न लावता गावाचे लावले. देवांच्या नग्न मेजवानीवर एका स्त्रीची सही, आणि पोपचे संरक्षण. मार्कांतोनियोला कोठडी दाखवल्याला तेव्हा पुरती एकावन्न वर्षे झाली होती.

कोलंबसाचा मुलगा फर्नांदो याच्याबद्दल सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सेव्हिल शहरात त्याने ३,२०० च्या आसपास छापचित्रे जमवली होती. चित्रे आज नाहीत, यादी आहे. विकायला आलेला छाप आपल्याकडे आहे की नाही हे चटकन कळावे म्हणून त्याच्या कारकुनांनी आकाराप्रमाणे, आकृत्या किती, पुरुष की स्त्रिया, संत की सामान्य, आणि कपड्यातल्या की नग्न, अशी वर्गवारी केली. ज्युपिटर आहे की वाटसरू, याने त्या कारकुनाचे काम अडत नव्हते; त्याने फक्त कपडे मोजले. साऱ्या युरोपात नावाला न भुललेला हाच एक प्रामाणिक प्रेक्षक असावा असे मला वाटते.

मध्यंतरी त्या मुलीने मला फाइन आर्ट्सच्या छपाईच्या खोलीत नेले. तांब्याची प्लेट तिने गरम करून शाई चोळली, जाळीदार कापडाच्या बोळ्याने गोल गोल पुसली, इतकी की पत्रा लख्ख दिसू लागला आणि शाई फक्त चिरांत उरली. मग भिजवून टिपलेला कागद, त्यावर लोकरी नमदा, आणि प्रेसचे मोठे चाक. "काका, तुम्ही उचला," ती म्हणाली. कागदाचे एक टोक धरून मी हलकेच उचलले, तेव्हा तो पत्र्यापासून सुटताना ओल्या साडीसारखा आवाज झाला. चित्र उलटे आले होते, डावे उजवीकडे. ते तसेच येते, म्हणून कोरणाऱ्याला अक्षरेसुद्धा उलटी कोरावी लागतात. तळाशी तिने शिसपेन्सिलीने प्रतीचा क्रमांक आणि आपले नाव लिहिले. कल्पना, कोरणे, छपाई, तिन्ही तिचीच; तेव्हा क्रियापदाची गरज नव्हती.

घरी येऊन मी मोहिनीची तसबीर उतरवली. मागचा पुठ्ठा साठ-सत्तर वर्षांत कोणी उघडला नव्हता. बारीक खिळे गंजून पट्टीत मुरले होते. चित्र बाहेर काढले तर खालची कड दोन बोटे मागे दुमडलेली होती, आणि घडीच्या आत, उन्हापासून वाचल्यामुळे अगदी ताजी, चित्राच्या नावाची आणि रविवर्मा प्रेसची ओळ होती. फ्रेम वडिलांच्या हातची आहे. पट्टी उलगडली तर चित्र जुन्या काचेत मावत नाही, आणि कागद घडीवर इतका ठिसूळ झाला आहे की उलगडताना तुटेल अशी धास्ती आहे. आठ दिवस झाले, ती टेबलावर तशीच उघडी पडली आहे, आणि आत्या रोज विचारते, की मोहिनी भिंतीवर कधी जाणार.